साठ कॅप्चा आणि एक नाव: ई-कोर्ट्सवर फौजदारी खटले शोधताना

मुलीसाठी आलेलं स्थळ, फ्लॅट मागणारा भाडेकरू, धंद्यात पैसे घालायला निघालेला भागीदार, आजारी आईजवळ दिवसभर राहणारी बाई. यांच्यापैकी कुणाचीही चौकशी निघाली की हल्ली कुणीतरी म्हणतंच, "ई-कोर्ट्सवर नाव टाकून बघा ना." ई-कोर्ट्स म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ. सल्ला चांगला आहे. पण नाव टाकणं ही कामाची नुसती सुरुवात असते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. समोर 'रेकॉर्ड नॉट फाउंड' आलं की निर्धास्त होतात, खटला दिसला की हादरतात. दोन्ही वेळा घाई होते.

आपल्याकडे सामान्य माणसाला उघडून पाहता येईल अशी गुन्हेगारांची एकत्रित नोंदवही नाही. देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस ही यंत्रणा पोलिसांपुरती आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ साली सुरू झाली, तीही तपास यंत्रणांनाच दिसते. आपल्या हाती उरतं ते न्यायालयांचं दफ्तर आणि पोलिसांनी संकेतस्थळावर टाकलेले एफआयआर. त्यातलं पहिलं म्हणजे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस. ही सेवा पूर्ण मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही, वेबसाइटवरही चालते आणि मोबाइल अ‍ॅपवरही. आतल्या माहितीला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. शोधण्याच्या सोयीला दोनच. असं का, ते पुढे येईलच.

पत्ता नीट बघूनच उघडा. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेलीच साइट खरी. खटल्याची स्थिती बघायला ही सेवा एक पैसाही मागत नाही. कुणी 'पूर्ण रिपोर्ट'साठी पैसे मागत असेल तर तुम्ही दुसऱ्याच दारात उभे आहात.

शोध कसा लावायचा

डावीकडच्या यादीत 'केस स्टेटस'वर गेलात की राज्य, जिल्हा आणि न्यायालयाचं संकुल निवडायचं. मग वर आडव्या ओळीत पर्याय दिसतात: पक्षकाराचं नाव, खटला क्रमांक, दाखल क्रमांक, वकिलाचं नाव, एफआयआर क्रमांक, कायदा, खटल्याचा प्रकार. आपल्याला आधी पक्षकाराचं नाव लागेल. नावाची किमान तीन अक्षरं, नोंदणीचं वर्ष, आणि प्रलंबित, निकाली की दोन्ही ते. इथे 'दोन्ही' निवडा. अनेकजण 'प्रलंबित'वरच शोध घेतात आणि शिक्षा होऊन संपलेला खटला त्यांना कधी दिसतच नाही. शेवटी कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची.

अडचण इथून सुरू होते. संपूर्ण राज्यात एकदम शोध घ्यायची सोय नाही, आणि एकदा शोधलं की एकाच वर्षाचे खटले दिसतात. समजा माणूस पुणे जिल्ह्यात राहतो आणि मागची दहा वर्षं तपासायची आहेत. शिवाजीनगरचं मुख्य न्यायालय, पिंपरी आणि वडगाव मावळ ही तीन संकुलं धरली तरी तीस शोध होतात. नावाची दोन स्पेलिंगं धरली की साठ. प्रत्येकाला वेगळा कॅप्चा. माणूस आधी बारामतीला राहत असेल किंवा गाव शिरूरकडे असेल तर आकडा आणखी वाढतो. एका बैठकीत हे संपत नाही. म्हणून कागदावर रकाने आखून घ्या: आडवी वर्षं, उभी संकुलं, आणि शोध झाला की खूण. खूण करताना 'नोंद नाही' आणि 'पान उघडलंच नाही' हे वेगवेगळं लिहा. सत्र संपल्याचा किंवा कॅप्चा चुकल्याचा संदेश घाईत वाचला की 'काही नाही'सारखाच वाटतो आणि नेमकं तेच वर्ष तपासायचं राहून जातं.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. जिल्ह्यांच्या यादीत मुंबईची न्यायालयं एका नावाखाली नाहीत. दंडाधिकारी न्यायालयं, शहर दिवाणी व सत्र न्यायालय आणि लघुवाद न्यायालय यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. फौजदारी चौकशीसाठी पहिल्या दोन तपासायच्या. दंडाधिकारी न्यायालयांत अंधेरी, वांद्रे, कुर्ला, बोरिवली, दादर, एस्प्लनेड असे भाग पडतात. राहण्याचं ठिकाण आणि कामाचं ठिकाण, दोन्हींची न्यायालयं घ्या, कारण खटला घटना जिथे घडली तिथल्या हद्दीत चालतो, आरोपीच्या घराजवळ नाही. कुटुंब न्यायालयांचीही राज्यापुरती वेगळी नोंद आहे. स्थळ तपासताना तीही उघडावी, कारण आधीच्या लग्नातली पोटगी तिथे सापडू शकते.

नावाचा घोळ

या सेवेत सर्वांत जास्त चुका नावामुळे होतात. नोंदी मुख्यतः इंग्रजी लिपीत आहेत आणि त्या ठाण्यातल्या कागदावरून, कारकुनाच्या कानावरून, घाईत भरल्या गेल्या आहेत. 'जाधव'च्या शेवटी कधी व्ही असतो, कधी डब्ल्यू. 'क्षीरसागर' के-एस-एचने सुरू होतं, नुसत्या के-एसने होतं, क्वचित एक्सनेही होतं. 'दीपक'मध्ये डबल ई की आय, 'चौधरी'मध्ये ए-यू की ओ-यू, 'विठ्ठल'मध्ये टी किती आणि एच कुठे, याचा नेम नाही. क्रमही ठरलेला नाही: कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे नुसतं आद्याक्षर. टोपणनाव असेल तर 'उर्फ' किंवा त्याच्या जागी तिरकी रेघ.

म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. नावाचा असा तुकडा घ्या ज्याचं स्पेलिंग फारसं बदलत नाही. 'क्षीरसागर'साठी शेवटचं 'सागर' पुरे. आडनाव फार प्रचलित असेल (पाटील, शिंदे, पवार, जाधव) तर आडनावाऐवजी पहिल्या नावाचा किंवा वडिलांच्या नावाचा कमी आढळणारा तुकडा घ्या, नाहीतर शेकडो ओळींची यादी येते आणि पान अडकून बसतं. लग्न झालेल्या स्त्रीचं नाव माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांनी शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट बाजूंची. फौजदारी खटल्यात सहसा वादीच्या जागी महाराष्ट्र शासन किंवा अमुक पोलीस ठाणे असतं आणि आरोपीचं नाव प्रतिवादीच्या जागी. पण जामीन अर्जात ते उलटतं: अर्जदार म्हणजेच आरोपी. आणि तुम्ही शोधत असलेला माणूस वादीच्या जागी असून समोर दुसरी व्यक्ती असेल, तर तो फिर्यादी असण्याची शक्यता जास्त. यादीत नाव दिसलं म्हणजे तो आरोपी, असं धरून चाललात तर ज्याला मार पडला त्यालाच गुन्हेगार ठरवून बसाल.

यादीत दोन्ही बाजूंची पहिलीच नावं ठळक दिसतात. बाकीचे आरोपी आतलं पान उघडल्यावर कळतात, आणि काही नोंदींत कारकुनाने पहिल्या नावापुढे 'व इतर' लिहून सोडून दिलेलं असतं. चौथ्या क्रमांकाचा आरोपी अशा वेळी नावाने सापडत नाही.

खटल्याचं पान कसं वाचायचं

'व्ह्यू' दाबलं की खरी माहिती उघडते, आणि ई-कोर्ट्सचं मोल आहे ते इथे. वर खटल्याचा प्रकार, दाखल आणि नोंदणी क्रमांक, तारखा. मग सीएनआर क्रमांक, सोळा अक्षरी: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा अनुक्रमांकाचे, चार वर्षाचे. हा एकच क्रमांक लिहून ठेवलात तर पुढच्या वेळी वरचे सगळे उपद्व्याप टळतात. अ‍ॅपमध्ये तो जतन करता येतो.

खटल्याचा प्रकार काय सांगतो, ते आधी बघा. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेले बरेच गुन्हे यात येतात. एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त खटला. यात धनादेश न वटल्याची, कलम १३८ची प्रकरणं प्रचंड असतात, शिवाय वाहतूक, जुगार, दारूबंदी, महापालिकेचे खटले. सेशन्स केस म्हणजे सत्र न्यायालयात चालणारे गंभीर गुन्हे. स्पेशल केसमध्ये पॉक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), लाचलुचपत, अ‍ॅट्रॉसिटी, मकोका (संघटित गुन्हेगारी) असे विशेष कायदे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज फौजदारी न्यायालयात चालतो, पण त्यातला मूळ दिलासा दिवाणी स्वरूपाचा असतो. त्यात संरक्षण आदेश निघाला म्हणून समोरच्याला शिक्षा झाली असं होत नाही.

खाली 'अ‍ॅक्ट्स'च्या चौकटीत कायदा आणि कलमं असतात. इथे सध्या मोठी गफलत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, त्यामुळे ताज्या खटल्यातही जुने आकडे दिसू शकतात. ३०२ म्हणजे खून हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण न्याय संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे. खून १०३ मध्ये गेला. ४२०ची फसवणूक आता ३१८(४), ४९८-अचा छळ ८५, ३५४चा विनयभंग ७४, ४०६चा विश्वासघात ३१६(२), ३७९ची चोरी ३०३(२). जामिनाच्या कलमांतही हेच: अटकपूर्व जामीन पूर्वी ४३८ होता, आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून मागण्यासाठी उच्च न्यायालयात जायचं कलम होतं, ते आता ५२८ झालं. म्हणून आकड्याच्या आधी त्याच ओळीतलं कायद्याचं नाव वाचायचं.

कलमांचं वजनही सारखं नसतं. (१३८ सोडून पुढचे आकडे जुन्या दंड विधानाचे.) नुसतं १८८ दिसलं आणि साल २०२० असेल तर तो बहुधा टाळेबंदीतला आदेशभंग आहे. २७९ म्हणजे बेदरकार वाहन चालवणं; भावी ड्रायव्हरच्या बाबतीत ते महत्त्वाचं, भाडेकरूच्या बाबतीत फारसं नाही. ३२३, ५०४, ५०६ असा त्रिकूट दिसला तर साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. बांधावरची भांडणं आणि सोसायटीतले वाद बहुतेक याच तीन कलमांत असतात. ४९८-अ मध्ये नवऱ्याबरोबर दीर, नणंद, मामेसासरे अशी लांबलचक यादी असते. त्यात नाव आहे म्हणून त्या माणसाने काय केलं हे कळत नाही. एफआयआर किंवा निकाल वाचल्याशिवाय मत बनवू नका. कलम १३८चं एखादं प्रकरण धंद्यातल्या अडचणीचं असू शकतं. पण भागीदार म्हणून येणाऱ्या माणसावर चार वर्षांत वेगवेगळ्या सहा जणांनी १३८ टाकलं असेल, तर पैसे घालण्याआधी नक्की थांबा.

'केस डिस्पोज्ड' फसवतं

निकाली खटल्यात 'नेचर ऑफ डिस्पोजल' ही ओळ सर्वांत महत्त्वाची. 'अक्विटेड' म्हणजे निर्दोष, 'कन्व्हिक्टेड' म्हणजे शिक्षा, 'डिस्चार्ज' म्हणजे आरोप ठेवण्याइतकंही काही नव्हतं म्हणून सुटका. 'कंपाउंडेड' म्हणजे तडजोड. कायद्याच्या नजरेत तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच. 'अबेटेड' म्हणजे आरोपी वारल्यामुळे खटला संपला. 'प्लीड गिल्टी' म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल केला. संक्षिप्त खटल्यांत ती बऱ्याचदा शे-दोनशे रुपये दंड भरून हेलपाटे संपवण्यासाठी दिलेली कबुली असते. कागदोपत्री शिक्षा आहेच, पण रक्कम आणि कलम न बघता त्या माणसाला 'सजायाफ्ता' म्हणणं अन्याय होईल.

सगळ्यात वाईट सापळा 'कमिटेड'चा. गंभीर गुन्ह्यात दोषारोपपत्र आधी दंडाधिकाऱ्यांकडे जातं, तिथे आर.सी.सी. क्रमांक पडतो आणि मग प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवलं जातं. त्या क्षणी आर.सी.सी.च्या पानावर 'केस डिस्पोज्ड' उमटतं. वाचणारा म्हणतो, संपलं. प्रत्यक्षात तोच खटला नव्या क्रमांकाने सत्र न्यायालयात सुरू झालेला असतो. 'ट्रान्सफर्ड'चंही तसंच. अशा वेळी पानावरच्या एफआयआर चौकटीतून पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष घ्यायचं आणि 'एफआयआर क्रमांक' या पर्यायाने पुन्हा शोधायचं. त्या एका गुन्ह्यातून निघालेले खटले, जामीन अर्ज, इतर अर्ज तिथे एकत्र दिसतात. नावाच्या स्पेलिंगची कटकटही उरत नाही. एकदा गुन्हा क्रमांक हाती आला की नावाने शोधणं सोडूनच द्या.

प्रलंबित खटल्यात तारखांचा इतिहास वाचा. प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीचं कामकाज आणि पुढचा टप्पा असतो. साक्षीपुराव्यावर सात वर्षं अडकलेला खटला न्यायालयाच्या कामाच्या ढिगाबद्दल सांगतो, आरोपीबद्दल नाही. पण तारखेमागून तारीख एन.बी.डब्ल्यू. दिसत असेल, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट, तर आरोपी हजरच होत नाही. भाड्याने घर देताना ही माहिती कलमापेक्षा जास्त उपयोगी आहे.

शिक्षा झालेली दिसली तरी अपील बघायचं राहू देऊ नका. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावरचं अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाच्या निकालावरचं मुंबई उच्च न्यायालयात. उच्च न्यायालयांची शोधसेवा वेगळ्या संकेतस्थळावर आहे आणि तिथे खंडपीठ निवडावं लागतं: मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या जुन्या अपिलांसाठी मुंबईही तपासा.

तोच माणूस आहे कशावरून?

ई-कोर्ट्सवर जन्मतारीख नसते, फोटो नसतो, आधार क्रमांक नसतो. नावावरून ओळख ठरवणं ही सगळ्या शोधातली सर्वांत धोक्याची पायरी आहे आणि तिथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात. खात्रीचा मार्ग निकालपत्रातून जातो. पानाच्या तळाशी अंतिम आदेशाची पीडीएफ असते. तिच्या पहिल्याच पानावर, 'विरुद्ध'च्या खाली, आरोपीचं वर्णन येतं: पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार अमुक, तालुका, जिल्हा. 'वय ३४ वर्षे, धंदा शेती' असं लिहिलं असेल तर ते वय बहुधा दोषारोपपत्राच्या वेळचं असतं, निकालाच्या दिवसाचं नाही. खटला आठ वर्षं चालला असेल तर निकालाच्या सालातून ३४ वजा करून काढलेलं जन्मसाल आठ वर्षांनी चुकेल. म्हणून नोंदणीचं साल धरा. वडिलांचं नाव, गाव आणि वयाचा अंदाज असे तिन्ही धागे जुळल्याशिवाय 'हाच तो' म्हणू नये. दोनच जुळले तर शंका समजावी, आणि एकच जुळला तर ती नोंद बाजूला ठेवावी.

निकाल लागलेला नसेल तर एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार पोलिसांनी एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. दुर्गम भागासाठी ही मुदत वाढते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद, बंडखोरी अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' हा विभाग आहे. तिथे तारखेची मुदत, जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडायचं. तिथे शोध नावावरून लागत नाही, गुन्हा क्रमांक आणि तारखेवरूनच लागतो. म्हणून नुसत्या नावाची चौकशी इथून सुरू करण्यात अर्थ नाही. ई-कोर्ट्सवरून गुन्हा क्रमांक मिळाला की मगच इथे यावं. पीडीएफच्या सातव्या रकान्यात ज्ञात किंवा संशयित आरोपींची माहिती असते आणि बाराव्यात फिर्यादीची हकीकत. लक्षात असू द्या, ती एका बाजूची हकीकत आहे, तीही घटनेनंतर काही तासांत सांगितलेली.

या सेवेत जे कधीच दिसणार नाही

एफआयआर झाला पण दोषारोपपत्र अजून गेलेलं नाही, असा मधला काळ असतो. आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. आरोपी बाहेर असेल तर तपास रेंगाळतो आणि तोवर आर.सी.सी. क्रमांक पडत नाही. अशा वेळी जामीन अर्ज शोधा. तो आधी दिसतो. पोलिसांनी तपासाअंती समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली असेल तर तिचा प्रकार महत्त्वाचा: 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, 'ब' म्हणजे द्वेषातून केलेली खोटी तक्रार, 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची.

तडीपारी तर इथे मुळीच सापडत नाही. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली पोलीस अधिकारी किंवा प्रांताधिकारी करतात, न्यायालय नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रासाठी चालणारी चॅप्टर केसही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे असते, म्हणून तीही नाही. स्थानबद्धतेचे आदेश नाहीत. अल्पवयात घडलेलं काही नाही, आणि ते दिसूही नये. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये ओळख जाहीर करायलाच मनाई आहे. संगणकीकरणाआधी निकाली निघालेले जुने खटले बऱ्याच ठिकाणी चढवलेलेच नाहीत. आणि दुसऱ्या राज्यातलं काही बघायचं तर तिथल्या जिल्ह्यापासून सगळा खटाटोप नव्याने. परराज्यातून आलेल्या माणसाबद्दल फक्त पुण्या-मुंबईची न्यायालयं तपासून 'स्वच्छ' म्हणणं म्हणजे अर्धवट तपासावर शिक्का मारणं.

निवडणूक लढवलेल्या माणसाचं मात्र काम सोपं होतं. उमेदवाराच्या शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा स्वतःच जाहीर करायच्या असतात. विधानसभा, लोकसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि एडीआर या संस्थेच्या 'मायनेता' संकेतस्थळावर ती वाचायला सोपी पडतात.

पैसे देऊन अहवाल घ्यावा का?

खासगी तपासणी कंपन्यांचे अहवालही बरेचदा याच सार्वजनिक नोंदींवर उभे असतात. त्यांचं सॉफ्टवेअर स्पेलिंगचे पर्याय एकदम तपासतं, ते साठ कॅप्चा तुम्हाला भरावे लागत नाहीत, एवढा फायदा खरा. बरीच संकुलं, बरीच वर्षं आणि कमी वेळ असेल तर पैसे द्यायला हरकत नाही. पण अहवालात नुसता हिरवा किंवा लाल रंग असेल तर तो घेऊ नका. कुठल्या न्यायालयांत शोधलं, कुठल्या वर्षांपर्यंत, नाव सोडून आणखी कशावरून ओळख जुळवली, आणि प्रत्येक खटल्याचा सीएनआर क्रमांक काय, या चार गोष्टी लेखी मागा. सीएनआर मिळाला की दोन मिनिटांत तुम्ही स्वतः पडताळू शकता. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे बहुधा नुसतं नाव जुळलेलं असतं.

सापडलेली माहिती नातेवाइकांच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. नोंद सार्वजनिक असली तरी प्रलंबित खटल्यावरून एखाद्याला चोर म्हणणं न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतं. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. निकालपत्राची पीडीएफ पुढे पाठवताना हे हमखास विसरलं जातं, कारण नजर आरोपीच्या नावावर असते आणि पीडितेचं गाव, शाळा, नातं तिसऱ्या परिच्छेदात तसंच राहून जातं.

या सगळ्याला एक सरळ पर्याय आहे आणि तो लोक संकोचापायी वापरत नाहीत. ज्याची चौकशी करायची, त्यालाच सांगा की पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणून द्या. महाराष्ट्रात त्यासाठी ऑनलाइन अर्ज होतो. अर्ज त्या व्यक्तीने स्वतःच करायचा असतो, दुसऱ्याच्या नावाने करता येत नाही. पोलीस स्वतःचं दफ्तर बघतात, त्यामुळे न्यायालयापर्यंत न पोचलेलाही गुन्हा तिथे समोर येऊ शकतो. ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, घरात राहणारी मदतनीस यांच्याकडे ते मागणं आता रूढ आहे. फक्त प्रमाणपत्रावर कुठला पत्ता आणि कुठलं पोलीस ठाणं आहे ते वाचा. माणूस सहा महिन्यांपूर्वीच तिथे राहायला आला असेल, तर आधीच्या पत्त्याचंही मागा. आणि ई-कोर्ट्सवरच्या तुमच्या त्या आखलेल्या कागदात त्या जुन्या पत्त्याच्या तालुक्याचं संकुल आणखी एक ओळ म्हणून वाढवा.